अन्नपात्रावरचा अधाशी

चवथीच्या आधी देवघरातली पितळ घासण्याचे काम निवृत्तीनंतर आमच्याकडे आले. समया, घंटा, निरांजने लवकर उजळतात. वेळ लागतो तो प्रभावळीला. आमच्या पेडण्याच्या घरातली प्रभावळ आजोबांनी डिचोलीहून आणली, असे घरात सांगतात. दोन बाजूंना दोन खांब, खांबांवर तोंड वासलेले दोन मकर, त्यांच्या मुखांतून निघालेली कमान आणि कमानीच्या माथ्यावर एक चेहरा. बटबटीत डोळे, शिंगांसारख्या वळलेल्या भुवया, फुगीर गाल, वरचे सुळे. हा चेहरा आम्ही जन्मापासून पाहत आलो. पण चिंच आणि राख घेऊन त्याच्या खाचांतून बोट फिरू लागले तेव्हा कुठे ध्यानात आले की त्याला खालचा जबडाच नाही. मान नाही, धडही नाही. वरच्या दातांखाली थेट वेलपत्ती सुरू होते.

या चेहऱ्याला आपण कीर्तिमुख म्हणतो. त्याच सुमारास एका स्नेह्यांनी प्राचीन चिनी कांस्यपात्रांचा एक सचित्र ग्रंथ वाचावयास दिला. पाने उलटताना आम्ही थबकलो. तीन पायांच्या एका पात्राच्या पोटावर तसाच चेहरा होता. मध्ये नाकाची उभी कड, तिच्या दोन्ही अंगांना रोखून पाहणारे डोळे, वर वळलेली शिंगे आणि खाली जबडा नाही. ही पात्रे आम्ही प्रत्यक्ष पाहिलेली नाहीत, छायाचित्रांवरच आमची भिस्त आहे, हे प्रथमच सांगितलेले बरे. तरीही हे साम्य एवढे ढळढळीत होते की आम्ही प्रभावळ पुन्हा देवघरातून बाहेर काढली आणि ग्रंथाशेजारी ठेवून पाहिली. प्रस्तुत लेख त्या पाहण्यातून निघाला.

ही पात्रे शांग राजवटीतली, म्हणजे इ.स.पू. सुमारे १६०० ते १०४६ या काळातली. त्यांतील डिंग हे मांस शिजवण्याचे, ग्वेई हे धान्याचे, तर चुए आणि त्सुन ही मद्याची. पितरांना अन्न आणि मद्य अर्पण करण्यासाठी ती घडवली जात. शांगांच्या अखेरच्या राजधानीचे, आनयांगचे, शास्त्रशुद्ध उत्खनन १९२८मध्ये सुरू झाले. तेथे १९३९मध्ये सापडलेले एक चौकोनी डिंग सुमारे ८३३ किलो वजनाचे आहे. फू हाओ या राणीची न लुटलेली कबर १९७६मध्ये उघडली तेव्हा तीत ४६८ कांस्यवस्तू निघाल्या. त्या एकत्र तोलल्या तर दीड टनांहून अधिक भरतात. त्या पात्रांवर काय नाही? एका पायाचा व्याल, नागासारखे शरीर आणि शिंगे असलेला प्राणी, घुबडाच्या आकाराचे अखंड मद्यपात्र. पण सर्वांवर सत्ता त्या चेहऱ्याची. पुष्कळदा तो एकाच वेळी दोन रूपे घेतो. नीट पाहिले तर एकमेकांसमोर उभे असलेले दोन व्याल दिसतात. डोळे किंचित मिटले की त्या दोघांचा मिळून एकच रोखलेला चेहरा होतो.

चिनी परंपरेने त्याला थाओथ्ये हे नाव दिले. त्याचा अर्थ अधाशी. हे नाव ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्या दोन्हींत ‘खाणे’ हे चिन्ह दडलेले आहे. इ.स.पू. २३९च्या सुमारास संकलित झालेल्या ‘ल्यूशी छुनछिऊ’ या ग्रंथात त्याचे स्पष्टीकरण येते. त्याचा आशय असा, की पात्रांवरच्या या प्राण्याला डोके आहे पण धड नाही. तो माणूस खाऊ लागतो, परंतु घास गिळण्यापूर्वीच अपाय त्याच्या स्वतःच्या देहाला पोहोचतो.

आता आपल्या कीर्तिमुखाची कथा आठवावी. ती स्कंदपुराणात, पद्मपुराणात आणि शिवपुराणातही जालंधराच्या आख्यानात येते. जालंधराने राहूला दूत करून शिवाकडे पाठवले आणि पार्वतीची मागणी केली. शिवाच्या भ्रूमध्यातून एक भयंकर भुकेला पुरुष प्रकटला आणि राहूवर धावला. राहू शरण गेला, शिवाने त्याला सोडवले. मग तो भुकेला विचारू लागला, की आता मी खाऊ काय? शिवाने सांगितले, स्वतःचेच हातपाय खा. त्याने तसे केले. उरले फक्त मस्तक. प्रसन्न होऊन शिवाने त्याला कीर्तिमुख हे नाव दिले आणि आपल्या द्वारी ठेवले.

दोन्ही कथा समोरासमोर ठेवल्या की अंगावर काटा येतो. दोन्हीकडे अमर्याद भूक आहे, दोन्हीकडे ती भूक खाणाऱ्याच्याच देहावर उलटते आणि दोन्हीकडे फक्त डोके उरते. इतकेच नव्हे, ‘त्सो च्वान’ या चिनी इतिहासग्रंथात थाओथ्ये हे चार दुष्टांपैकी एकाचे नाव आहे. अन्नाचा आणि धनाचा हा लोभी सम्राट शून याने राज्याच्या सीमेवर घालवून दिला, तो कशासाठी? तर दुष्ट पिशाचांना तिथेच अडवण्यासाठी. म्हणजे तिकडेही अधाशाला शेवटी द्वारपालाचीच नेमणूक मिळाली.

येथे मोह सुरू होतो. आपल्याकडच्या व्याख्यानमालांचे आम्ही जुने श्रोते आहोत आणि असे साम्य वक्त्याच्या हाती लागले की पुढे काय होते ते जाणतो. एक पक्ष म्हणेल, हे आपल्याकडून तिकडे गेले. दुसरा म्हणेल, तिकडून इकडे आले. कीर्तिमुखाचे मूळ थाओथ्येत असावे, असे सुचवणारे अभ्यासकही होऊन गेले. पण सरकारी नोकरीत एक सवय अंगी मुरते. प्रस्ताव आला की आधी कागदांवरच्या तारखा पाहायच्या. या तारखा काय सांगतात?

शांगांची सत्ता इ.स.पू. १०४६च्या सुमारास संपली. त्यानंतरच्या चौ राजवटीत हा चेहरा काही काळ टिकला, मग पात्रांवरून मागे पडत गेला आणि त्याच्या जागी पक्षी आणि लाटांचे पट्टे आले. आपले कीर्तिमुख पूर्ण तेजाने दिसते ते इसवी सनाच्या पाचव्या शतकात, अजिंठ्यासारख्या ठिकाणी. मधले अंतर चौदा-पंधरा शतकांचे. हान काळात दारांवर कडी तोंडात धरलेले पशुमुख बसवीत आणि आपल्या जुन्या वाड्यांच्या दारांवरही कडी धरलेले सिंहमुख असते, हा दुवा कोणी पुढे करील. तो विचारात घेण्याजोगा आहे. परंतु विचारात घेणे म्हणजे मंजुरी नव्हे. दाराला कडी हवी, कडीला धरणारे काही हवे, आणि धरण्यासाठी तोंडाइतके सोयीचे दुसरे काय? एवढ्यासाठी हिमालय ओलांडण्याची गरज नाही.

याहून महत्त्वाची तारीख वेगळीच आहे आणि तीच या लेखाचा गाभा होय. चेहरा आधीचा आहे, कथा नंतरची.

ज्या शांग कारागिरांनी तो चेहरा ओतला, त्यांनी त्याला काय म्हटले याचा एकही शब्द आपल्याजवळ नाही. ‘ल्यूशी छुनछिऊ’ रचले गेले तेव्हा शांगांना जाऊन आठशे वर्षे लोटली होती. त्या ग्रंथातले नाव जुन्या पात्रांवरच्या नक्षीला सरसकट चिकटवले ते त्याहूनही पुढे, सुंग राजवटीतल्या पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनी. त्यांतल्या ल्यू तालिन यांचा सचित्र कोश १०९२चा आहे. म्हणून आजचे चिनी अभ्यासक ‘थाओथ्ये’ऐवजी ‘पशुमुख नक्षी’ हा साधा शब्द पसंत करतात. आपल्याकडेही तेच. अजिंठ्याच्या काळातले कीर्तिमुख काही खात नाही. उलट त्याच्या तोंडातून मोत्यांचे सर आणि पानाफुलांचे वेल बाहेर पडतात. ते देणारे तोंड आहे. स्वतःला खाल्ल्याची कथा ज्या पुराणभागांत येते ते अभ्यासक त्यानंतरच्या काळातले मानतात. नावेही एक नाहीत. गुजरात-राजस्थानकडच्या मंदिरांत याच मुखांच्या पट्ट्याला ग्रासपट्टी म्हणतात, जावात हाच चेहरा ‘काल’ होतो आणि नेपाळात ‘छेपू’. नावे बदलत गेली, चेहरा तोच राहिला.

मग चेहरा जबड्याविना का? या प्रश्नावर चिनी कांस्यकलेच्या समीक्षेत मोठा वाद झाला. माक्स लोअर यांनी १९५३मध्ये केवळ शैलीच्या आधारे या नक्षीच्या पाच पायऱ्या लावल्या. प्रारंभी साध्या रेषांतून दोन डोळे तेवढे उमटतात, पुढे नक्षी दाट होते आणि शेवटी चेहरा पृष्ठभागावरून उठून उभा राहतो. नंतरच्या उत्खननांनी हा क्रम बव्हंशी खरा ठरवला. त्यावरून लोअर यांनी निष्कर्ष काढला, की जी आकृती रेषांच्या खेळातून हळूहळू घडली तिला आधीपासून ठरलेला अर्थ असणे शक्य नाही. ही शुद्ध नक्षी आहे. उलट के. सी. चांग यांनी १९८३च्या आपल्या ग्रंथात मांडले, की हे प्राणी म्हणजे पितरलोकाशी संपर्क साधणाऱ्या पुरोहितांचे साहाय्यक होत आणि म्हणूनच ते राजसत्तेचे साधन होते. एका पक्षाला अर्थ नकोच आहे, दुसऱ्याला तो पूर्ण हवा आहे.

आम्हाला या वादात लोअर यांची बाजू अधिक भक्कम वाटते आणि त्याचे कारण आम्हाला ग्रंथापेक्षा डिचोलीने शिकवले. डिचोलीच्या समया गोव्यात नावाजलेल्या. याच तालुक्यात कालिकादेवीचे स्थान असलेल्या कांसारपाल गावाच्या नावात तर कांसार हा शब्दच ऐकू येतो. आमची सासुरवाडी डिचोलीची असल्यामुळे ओतकामाच्या शाळेत पुष्कळदा बसण्याचा योग आला. समई एकसंध ओतली जात नाही. बैठक, दांडा, वाटी आणि माथ्यावरचा पक्षी वेगवेगळे ओततात आणि आट्यांनी जोडतात. साच्याची दोन पाळी जिथे मिळतात तिथे धातूची बारीक रेघ उमटते. ती कानशीने घासून नाहीशी करण्यात कारागिराचा अर्धा दिवस जातो. अशाच एका वयस्क कारागिराला आम्ही विचारले होते, की प्रभावळीवरच्या चेहऱ्याला खालचा जबडा का करीत नाहीत? तो म्हणाला, “भाऊ, जबडा केला तर कमान खंय धरतली?” त्याने पुराण सांगितले नाही. त्याला कमानीचे दोन वेल एका जागी मिळवायचे होते आणि ते मिळण्याची जागा म्हणजे ते तोंड.

चिनी ओतारी मेणाचा साचा वापरीत नसत. मातीच्या नमुन्याभोवती मातीचेच तुकड्या-तुकड्यांचे साचे बसवून ते ओतकाम करीत आणि नक्षी त्या मातीतच कोरली जाई. साच्यांचे सांधे आणि नक्षीचे भाग त्यांनी एकमेकांशी जुळवून घेतले. आपल्याकडे सांध्याची रेघ कानशीने पुसतात. त्यांनी तिथे उभी नक्षीदार कड काढली आणि वैगुण्याचा अलंकार केला. जी कला पृष्ठभागाचे सारखे विभाग पाडून डावे-उजवे एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे मांडते, तिथे दोन बाजूंचे दोन प्राणी मिळून समोरचा चेहरा होणे स्वाभाविक आहे. त्या चेहऱ्याला धड द्यायचे तर ते दोन्हीकडे पसरावे लागते. मान द्यायला जागाच नाही. दोन देशांत दोन वेगळ्या कामांच्या गरजांतून एकच उणीव निर्माण झाली. पुढे दोन्ही देशांत कोणीतरी ती उणीव पाहिली, याचे अंग कुठे गेले असे विचारले, आणि दोन्हीकडे एकच उत्तर सुचले, की याने ते खाल्ले असणार.

म्हणजे उसनवारी झाली नाही. माणसाचे वाचन सारखे निघाले. आमच्या मते ही गोष्ट उसनवारीपेक्षा अधिक विलक्षण आहे. एखाद्या आकृतीत काही कमी दिसले की माणसाला प्रथम भूक आठवते.

इथे लोअर यांची मर्यादाही दिसते. नक्षीला आधी अर्थ नव्हता हे मान्य केले, तरी पुढे आलेला अर्थ खोटा ठरत नाही. ‘त्सो च्वान’मध्येच एक प्रसंग आहे. इ.स.पू. ६०६मध्ये छू देशाच्या राजाने चौ राजाच्या नऊ डिंगांचे वजन विचारले. सत्तेची चिन्हे असलेल्या पात्रांचे वजन विचारणे म्हणजे ती उचलून नेण्याचा इरादा. चौंच्या मंत्र्याने त्याला उत्तर दिले, की प्रश्न वजनाचा नसून सद्गुणाचा आहे. पूर्वी या पात्रांवर नाना वस्तूंची चित्रे घातली ती लोकांना दैवते आणि दुष्ट शक्ती ओळखता याव्यात म्हणून. हेही मूळ कारागिराचे मनोगत नव्हे. शतकांनंतरच्या वाचकाचे आहे. पण किती जबाबदार वाचन! पात्राचे वजन विचारणाऱ्याला पात्रावरचे चित्र वाचून दाखवले. कथा ही कलाकृतीची उत्पत्ती सांगत नाही; ती कलाकृतीची पहिली समीक्षा असते. आणि समीक्षेला जी कसोटी लावायची तीच तिला लावावी. ती वस्तूशी इमान राखते का, आणि तिच्यामुळे वस्तूकडे पुन्हा पाहावेसे वाटते का?

या कसोटीवर दोन्ही कथा उतरतात. कारण वस्तूची जागा त्यांनी अचूक हेरली. अधाशाचा चेहरा अन्नाच्याच पात्रावर आहे. आपल्याकडे दख्खनच्या जुन्या देवळांत तो गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर कोरलेला असतो, म्हणजे त्याला ओलांडल्यावाचून आत जाता येत नाही. पितरांपुढे किंवा देवापुढे जाणाऱ्याला आपल्या भुकेच्या तोंडावरून जावे लागते.

इथवर आम्ही समीक्षक म्हणून लिहिले. आता जे लिहिणार आहोत ते कितपत समीक्षा आहे, हे वाचकांनी ठरवावे.

मघाशी आम्ही म्हटले, की थाओथ्ये आणि कीर्तिमुख यांच्यात देवाणघेवाणीचा पुरावा नाही. पण डिचोली आणि चीन यांच्यातला एक व्यवहार आमच्या डोळ्यांदेखत झाला. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनमधल्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली आणि गोव्याच्या कमी प्रतीच्या लोहखनिजालाही भाव आला. डिचोली तालुक्यातल्या डोंगरांचे खनिज ट्रकांनी नदीकाठी, तिथून बार्जेसनी मुरगावला आणि मुरगावहून जहाजांनी चीनला जाऊ लागले. शिरगावभोवती हिरव्या डोंगरांच्या जागी खड्डे झाले. आम्ही तेव्हा सेवेत होतो. कोणत्या खात्यात, हे सांगण्यात स्वारस्य नाही; पण काही कागद आमच्याही टेबलावरून गेले आणि ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ हा शेरा आमच्याही अक्षरात आहे. शेऱ्यात चूक नव्हती. त्या शब्दांत दुसरेही काही नव्हते. सप्टेंबर २०१२मध्ये राज्य शासनाने खाणकाम थांबवले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. फेब्रुवारी २०१८मध्ये त्याच न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. २०२२च्या अखेरीस नव्या पद्धतीने लिलाव झाले, तेव्हा पहिल्या चार पट्ट्यांपैकी तीन डिचोली तालुक्यातले होते.

खाण बंद पडली तेव्हा ट्रक उभे राहिले आणि त्यांच्यावर पोट असलेली घरे अडचणीत आली, हेही आम्ही पाहिले. म्हणूनच जालंधराच्या आख्यानातला तो प्रश्न आम्हाला आता वेगळा ऐकू येतो. भुकेला विचारतो, मी खाऊ काय? त्याची भूक खोटी नव्हती. ती शिवानेच निर्माण केली होती. आणि त्याला मिळालेले उत्तर होते, स्वतःलाच खा.

हे वाचन प्रभावळीच्या कारागिराच्या मनात नव्हते, पुराणकर्त्याच्याही नव्हते. आनयांगच्या ओताऱ्याचा तर प्रश्नच नाही. मग ते करण्याचा आम्हाला अधिकार काय? वर ज्या मोहाविरुद्ध आम्ही एवढे लिहिले त्यालाच आम्ही बळी पडलो नाही ना? यावर आम्ही बराच विचार केला. आमचे उत्तर असे, की ‘हा चेहरा खाणीबद्दल आहे’ असे कोणी म्हणेल तर ते लबाड विधान होईल. इतिहास म्हणून ते टिकणार नाही. पण ‘या चेहऱ्याकडे पाहून मला खाण आठवली’ हे विधान खरे आहे आणि ते करणाऱ्याने पहिल्या पुरुषात करावे, आपली सही घालून करावे. थाओथ्येची कथा लिहिणाऱ्या त्या अज्ञात लेखकाने आपल्या काळातल्या लोभी सत्ताधीशांकडे पाहूनच ती लिहिली असेल, अशी शंका आम्हाला येते. त्याने फक्त सही केली नाही आणि दोन हजार वर्षे लोक त्याचे मत ही ओताऱ्याची मनीषा समजत राहिले.

तेव्हा जिज्ञासूंना आमचे सांगणे एवढेच, की अशा आकृतीपुढे उभे राहिल्यावर तीन पायऱ्या पाळाव्यात. आधी हात काय करीत होते ते पाहावे. मग वस्तू कुठे ठेवलेली होती ते पाहावे. कथेकडे त्यानंतर वळावे, आणि ती कोणी, केव्हा सांगितली ही तारीख लावूनच वळावे. या क्रमाने गेले तर कोणाचे कोणी उसने घेतले हा आवडता तंटा बव्हंशी आपोआप मिटतो आणि वस्तू पूर्वीपेक्षा मोठी होते.

प्रभावळ पुन्हा देवघरात गेली आहे. चेहरा आता लखलखीत दिसतो. सुळ्यांच्या मागे मात्र थोडी राख अडकून राहिली आहे. बोट तिथपर्यंत पोहोचत नाही.